स्पॅम आणि वैध विपणन-ईमेल

न मागता, एकाच मजकुराच्या असंख्य प्रती करून पाठवलेला ईमेल म्हणजे स्पॅम. ग्राहकाच्या संमतीने येणारी जाहिरात वरवर तशीच दिसते. म्हणून दोहोंतला भेद मजकुरावरून नव्हे, तर संमतीवरून करणे अधिक सयुक्तिक ठरते. १९९८ पासून कार्यरत असलेली स्पॅमहाउस ही स्पॅमविरोधी संस्था ‘अनाहूत’ आणि ‘घाऊक’ या दोन्ही अटी एकत्र लावते. त्यानुसार अनोळखी व्यक्तीने केलेली एखादी विचारणा अनाहूत असूनही स्पॅम ठरत नाही. वर्गणीदारांना जाणारे वार्तापत्रही घाऊक असूनही स्पॅम नव्हे.

संज्ञेच्या उगमाबद्दल बरीच चर्चा झाली आहे. स्पॅम हे मूळचे हॉर्मेल कंपनीच्या डबाबंद मांसाचे नाव (१९३७). माँटी पायथन या ब्रिटिश विनोदी चमूच्या १९७० मधील एका प्रहसनात उपाहारगृहातल्या जवळजवळ प्रत्येक पदार्थात ते मांस असते आणि त्याच शब्दाच्या घोषात बाकीचे संभाषण बुडून जाते. संगणकावरील बहुखेळाडू शब्दखेळांत पडदा निरर्थक मजकुराने भरून टाकण्याला हा शब्द १९८० च्या दशकात लावला जाऊ लागला असावा. ३१ मार्च १९९३ रोजी यूझनेट या संगणकजालावरील चर्चागटांच्या व्यवस्थेत एका सदोष प्रोग्रॅमने सुमारे २०० संदेश एकाच चर्चागटात ओतले, तेव्हाही तो वापरला गेला. त्या संदेशांत जाहिरात नव्हती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. हा शब्द आद्याक्षरांपासून बनल्याची व्युत्पत्ती मागाहून जुळवलेली दिसते.

पहिला स्पॅम म्हणून सामान्यतः गॅरी थर्क यांनी ३ मे १९७८ रोजी डीईसी या संगणक कंपनीच्या संगणकांची माहिती देण्यासाठी अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वसुरी जालावरील सुमारे ४०० जणांना पाठवलेला संदेश सांगितला जातो. त्या वेळी अर्थातच त्याला कोणी स्पॅम म्हटले नव्हते. नकोशा टपालाचा प्रश्न संगणकशास्त्रज्ञ जॉन पोस्टेल यांनी नोव्हेंबर १९७५ मध्येच एका टिपणात मांडला होता. एप्रिल १९९४ मध्ये दोन अमेरिकी वकिलांनी ‘ग्रीन कार्ड’ (अमेरिकेतील कायम वास्तव्याचा परवाना) सोडतीची जाहिरात यूझनेटच्या हजारो चर्चागटांत टाकली, तेव्हापासून शब्दाला व्यापारी अर्थ चिकटला.

कायदे एकवाक्यता दाखवत नाहीत. अमेरिकेच्या २००३ च्या कायद्याला (अंमल १ जानेवारी २००४) पूर्वसंमती लागत नाही. मात्र विषयओळ फसवी नसावी, पाठवणाऱ्याचा टपाली पत्ता असावा आणि नकार १० कामकाजी दिवसांत पाळला जावा, अशा अटी आहेत. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार व्यक्तींना जाहिरात पाठवण्यास आधी संमती हवी. अपवाद म्हणजे खरेदीच्या वेळी ग्राहकाने दिलेल्या पत्त्यावर, नकाराची सोय ठेवून केलेली तत्सम मालाची जाहिरात. कॅनडाचा कायदा (अंमल १ जुलै २०१४) याच बाजूला झुकतो. परिणामी एकच ईमेल एका देशात वैध, तर दुसऱ्यात बेकायदा असू शकतो.

स्पॅम ओळखण्याच्या खुणांपैकी पाठवणाऱ्याचे दर्शनी नाव सर्वांत कमी भरवशाचे, कारण ते हवे ते लिहिता येते. ‘@’ नंतरचे डोमेन आणि दुव्याचे खरे गंतव्य पाहणे बरे. एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या ईमेल-सेवांनी आपोआप करायच्या तपासण्या संदेश त्या डोमेनच्या अधिकाराने आला का, एवढेच सांगतात. तो हवा होता का, हे नाही. स्वतःचे डोमेन नीट मांडून ठेवलेला स्पॅमरही त्यांत उत्तीर्ण होतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल दिवसाला ५,००० हून अधिक संदेश पाठवणाऱ्यांकडून या तिन्ही तपासण्या, जाहिरातीत एका टिचकीत वर्गणी बंद करण्याची सोय आणि ०.३ टक्क्यांखालील तक्रारप्रमाण अपेक्षिते. याहूनेही तशाच अटी आणल्या.

आधी मागितलेला, पण आता वाचावासा वाटत नाही असा ईमेल स्पॅम आणि वैध ईमेल या दोहोंच्या मध्ये पडतो. त्यासाठी २००७ मध्ये इंग्रजीत ‘बेकन’ हा (खारवलेल्या डुकराच्या मांसाच्या) खाद्यपदार्थावरूनच घेतलेला शब्द निघाला. तो फारसा रुजला नाही. अशा वार्तापत्रावर ‘स्पॅम म्हणून नोंदवा’ दाबल्यास ईमेल-सेवेची स्पॅम-चाळणी ती तक्रार म्हणून धरते, म्हणून तिथे ‘अनसबस्क्राइब’ योग्य. अनोळखी पाठवणाऱ्याच्या बाबतीत याच्या उलट, कारण तिथला तो दुवा दाबल्यास पत्ता वापरात असल्याचीच खातरी त्याला मिळू शकते.