मनाचा आजार आणि आत्मा : खानदेशातल्या मंडळ्यांमधल्या वादाची पार्श्वभूमी

मन बिघडलेल्या माणसासाठी आधी उपास-प्रार्थना की आधी डॉक्टर? नवापूर, अक्कलकुवा, धडगाव भागातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमधला हा वाद वरवर उपचारांचा दिसतो. मुळात तो माणूस कशाचा बनला आहे याचा आहे. शरीर आणि आत्मा असे दोनच भाग, की आत्मा, जीव (म्हणजे मन, भावना), शरीर असे तीन? बायबलमधल्या थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (५:२३) तिन्ही ओळीने येतात. त्रिभाग मानणाऱ्यांचा मोठा आधार तोच.

चौथ्या शतकात सीरियातल्या लावदिकीयाच्या बिशपाने शिकवलं की, ख्रिस्ताचं शरीर माणसाचं होतं, पण मानवी मनाच्या जागी देवाचा शब्द, म्हणजे स्वतः देवपुत्र, होता. चंचल, पापाकडे ओढलं जाणारं मन निष्पाप प्रभूत कसं असेल, ही त्याची अडचण प्रामाणिक होती. ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलला भरलेल्या बिशपांच्या परिषदेने ही शिकवण नाकारली. विरोधकांचा युक्तिवाद असा : ख्रिस्ताने जे धारण केलं नाही, ते बरंही झालं नाही. मन धारण केलं नसेल, तर मनाला तारणच नाही. ४५१ साली खाल्केदोनच्या परिषदेनेही ख्रिस्ताला बुद्धियुक्त आत्मा आणि शरीर असलेला खरा माणूस म्हटलं. ख्रिस्ताला माणसाचं मन होतं, हाच आजच्या वादातही सगळ्यात वजनदार निर्णय. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूचा जीव मरणप्राय खिन्न झाला होता. प्रत्येक खिन्नतेत पाप किंवा भूत शोधणाऱ्यांनी याचं उत्तर द्यायला हवं.

त्या बिशपाची शिकवण नाकारली गेल्यावर मागे पडलेला त्रिभाग एकोणिसाव्या शतकात काही प्रॉटेस्टंट अभ्यासकांनी पुन्हा उचलला. पुढे संजीवन सभांमधून (विश्वास नव्याने जागवण्यासाठीच्या प्रार्थनासभांमधून) तो सोपा होऊन पसरला : आत्मा देवाचा, मनावर सैतानाचा हल्ला. सातपुड्यात डाकिणीची भीती आणि भगताचा धाक आधीपासून होताच. प्रभूच्या नावाने ती भीती गेली, ही अनेक घरांची साक्ष आहे आणि ती हलकी लेखू नये. पण भगताच्या जागी पाळक (मंडळीचा धर्मगुरू) आणि रीत तीच, असं झालं की रुग्णाचे हाल संपत नाहीत.

कॅथलिक चर्चच्या १९९९ च्या सुधारित विधीत भूत काढण्याआधी वैद्यकीय आणि मानसोपचार तज्ज्ञांचं मत घेण्याची सूचना आली. २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं गुन्हा ठरवलं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला मनाई केली. प्रार्थनेला यातल्या कशाचीच आडकाठी नाही. वाद उरला आहे तो गोळ्यांचा : प्रार्थनेनंतर त्या चालू ठेवणं म्हणजे अविश्वास, असं काही सभांमधून अजून सांगितलं जातं.