चांगल्या हाताला हातमोजा

अर्धांगवायूच्या झटक्याला तीन-चार महिने झालेत. आजी जेवायला बसल्या आहेत. उजवा हात मांडीवर पडलेला, चमचा डाव्या हातात. सांगितलं तर उजवी मूठ थोडी वळते, मनगटही जरासं उचलतं; पण घास घ्यायला तो हात पुढे येत नाही. घरचे म्हणतात, "हात गेला."

तो गेलेला नसतो, सवयीतून सुटलेला असतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टाउब यांना हे माकडांत दिसलं. हाताच्या संवेदना नेणाऱ्या नसा तोडल्या की माकड तो हात वापरणंच सोडायचं. चांगला हात बांधला की मात्र त्याच हाताने खाऊ उचलायचं. बंधन एक-दोन दिवसांत काढलं तर पुन्हा पहिल्यासारखं. आठवडा-दोन आठवडे ठेवलं तर हात कामाला लागलेला राहायचा.

याच उपायाची माणसांवरची मोठी चाचणी अमेरिकेत झाली, निष्कर्ष आले 2006 मध्ये. रुग्ण 222, झटक्याला 3 ते 9 महिने झालेले. 2 आठवडे जागेपणीचा 90 टक्के वेळ चांगल्या हातावर जाड हातमोजा आणि कमजोर हाताकडून रोज 6 तासांपर्यंत सराव. नेहमीच्या उपचारांपेक्षा यांचा हात जास्त सुधारला आणि तो फरक वर्षानंतरही टिकून होता.

पण रोज 6 तास फिजिओथेरपिस्ट कुणाला परवडणार? म्हणून सौम्य पद्धत निघाली: आठवड्यातून 3 दिवस अर्धा तास उपचार, घरी सोमवार ते शुक्रवार रोज 5 तास हातमोजा, असे 10 आठवडे. आपल्याकडे मला हीच जास्त जमण्यासारखी वाटते.

सगळा भार घरच्यांवर टाकून मात्र चालत नाही. भारतातल्या 14 रुग्णालयांत 1250 रुग्णांवर चाचणी झाली; सुमारे निम्म्यांच्या कुटुंबीयांना घरी व्यायाम करून घ्यायला शिकवलं होतं, बाकीच्यांना फक्त नेहमीचे उपचार. 2017 मध्ये निकाल आला: सहा महिन्यांनी दोन्ही गटांत सुमारे 47 टक्के रुग्ण दगावलेले किंवा परावलंबी होते. माया होती, शिकवणीही होती, तरी फरक पडला नाही.

हातमोजा सगळ्यांसाठी नाही. मनगट आणि बोटं थोडी तरी उघडायला हवीत. आंघोळीला, गॅसजवळ आणि काठी धरून चालताना तो काढायचाच. कुणाला चालेल हे फिजिओथेरपिस्टने हात तपासूनच ठरवायचं. मग सराव साधा: कपड्यांचा चिमटा उघडणं, वाटीतले शेंगदाणे एकेक उचलणं, शर्टाचं बटण. शेंगदाणा सांडला तरी आपण उचलून द्यायचा नाही. आजींना वेळ लागेल. तो लागू द्यायचा.