पार्श्वभूमी : यूआरएलमधले (वेबपानाच्या पत्त्यातले) प्रश्नचिन्ह का हटवले जाते?

बडोद्यातील एखाद्या मराठी संस्थेचे जुने संकेतस्थळ उघडले, की ॲड्रेस बारमध्ये ‘इंडेक्स डॉट पीएचपी’, मग प्रश्नचिन्ह आणि त्यापुढे आयडी, विभाग, भाषा यांच्या आकड्यांची शेपटी दिसते. व्याख्यानमाला असो वा सभासद-नोंदणी, पत्त्यावरून काहीच कळत नाही. असे पत्ते सर्च इंजिनला आवडत नाहीत, तेव्हा ते बदलून घ्या, असा सल्ला आजही सर्रास दिला जातो. सल्ला चुकीचा नाही. त्यामागचे कारण मात्र बरेच शिळे झाले आहे.

१९९३मध्ये एनसीएसए या अमेरिकी संगणन केंद्राच्या सर्व्हरबरोबर सीजीआय, म्हणजे सर्व्हरकरवी प्रोग्रॅम चालवून पान तयार करण्याची पद्धत, आली आणि १९९५मध्ये रासमुस लेरडॉर्फ यांनी अशा स्क्रिप्टसाठीचे पीएचपी हे साधन सर्वांसाठी खुले केले. त्यामुळे प्रत्येक पानासाठी वेगळी फाइल ठेवण्याची गरज संपली आणि एकच स्क्रिप्ट, डेटाबेसच्या जोरावर, हजारो पाने दाखवू लागली. सर्च इंजिनसाठी लिंकमागून लिंक उघडत पाने गोळा करणाऱ्या क्रॉलरची अडचण इथूनच सुरू झाली. दिनदर्शिकेतील ‘पुढचा महिना’ ही लिंक कधी संपतच नसे. त्यातच कुकी न स्वीकारणाऱ्या ब्राउझरसाठी सेशन आयडी (त्या भेटीची ओळखखूण) यूआरएलमध्ये जोडला जाई, म्हणजे प्रत्येक भेटीत त्याच पानाला नवा पत्ता मिळे. या जाळ्यात अडकण्यापेक्षा सुरुवातीच्या सर्च इंजिनांनी प्रश्नचिन्ह असलेली पाने टाळणे किंवा जपून घेणे पसंत केले. पॅरामीटर (प्रश्नचिन्हापुढचे तपशील) कमी आणि आखूड ठेवावेत, असे गूगलच्याही जुन्या सूचनांमध्ये होते.

यावरचा तोडगा अपाची या वेब-सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये निघाला. राल्फ एंगेलशाल यांनी एप्रिल १९९६मध्ये ‘मॉड-रीराइट’ हे पत्ते बदलून देणारे मॉड्यूल लिहिले आणि जुलै १९९७मध्ये ते अपाची गटाच्या स्वाधीन केले. वाचकाला स्वच्छ पत्ता दिसतो; सर्व्हर नियमांच्या आधारे तो आतल्या आत जुन्या स्क्रिप्टच्या पॅरामीटरमध्ये उलगडतो आणि स्क्रिप्टला या अदलाबदलीचा पत्ताही नसतो. २००३मध्ये आलेल्या वर्डप्रेस या संकेतस्थळ-निर्मितीच्या प्रणालीतील पर्मालिंकमुळे (वाचता येण्याजोग्या कायमच्या पत्त्यांमुळे) पुढे ही सोय नियम न लिहिणाऱ्यांच्याही हाती आली.

या घाईत दुसरे अर्धे काम मागे पडले. नवा पत्ता चालू केल्याने जुना आपोआप बंद होत नाही; दोन्ही उघडत राहतात आणि एकाच मजकुराच्या दोन प्रती तयार होतात. खरे तर जुन्यावरून नव्याकडे कायमचे नेणारा (रीडायरेक्ट करणारा) ३०१ हा सर्व्हरचा संकेत वेबच्या १९९६च्या एचटीटीपी १.० दस्तऐवजातच होता. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८मध्ये लिहिलेल्या टिपणाचा रोखही, दिलेला पत्ता पुढे तुटू नये, हाच होता : लेखकाचे नाव, विषय, फाइलचा प्रकार असे जे जे बदलू शकते, ते पत्त्यात घालूच नये.

सप्टेंबर २००८मध्ये तर गूगलनेच सांगितले, की डायनॅमिक (प्रश्नचिन्ह आणि पॅरामीटर असलेले) यूआरएल आपल्याला वाचता येतात आणि अर्धवट रीराइट केलेल्या पत्त्यांमुळे उलट घोटाळा होतो. फेब्रुवारी २००९मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ‘कॅनॉनिकल’ टॅग स्वीकारला. अनेक पत्त्यांपैकी मूळ कोणता, हे त्यातून सांगता येऊ लागले. तेव्हापासून निव्वळ सर्च इंजिनच्या भीतीने पत्ते बदलण्यात फारसा अर्थ उरलेला नाही. वाचकाला पत्ता समजावा, हे कारण मात्र पुरेसे आहे.

मराठी संकेतस्थळांसमोर आणखी एक प्रश्न असतो. देवनागरी पत्ता ब्राउझरमध्ये छान दिसतो, पण तो नोंदवला जातो पर्सेंट-एन्कोडिंगने, म्हणजे प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह आणि दोन अक्षरे अशा रूपात : देवनागरीचे एक चिन्ह (अक्षर, काना किंवा मात्रा) म्हणजे यूटीएफ-८ या संकेतपद्धतीचे तीन बाइट, म्हणजेच नऊ अक्षरे. ‘वडोदरा’ एवढ्या शब्दाची चोपन्न अक्षरे होतात आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेली लिंक अनेकदा त्याच रूपात पोहोचते. त्यामुळे रोमन लिपीतील आखूड पत्ता व्यवहारात सोयीचा ठरतो. मात्र शहराचे नाव त्यात ‘बरोडा’ असे लिहायचे की ‘वडोदरा’ असे, हे आधीच ठरवावे लागते. रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवावेत, असे गूगल सुचवते. निमंत्रणपत्रिकेवर किंवा स्मरणिकेत छापून गेलेल्या पत्त्यांना ही मुदत लावता येत नाही. त्यांचे रीडायरेक्ट काढूच नयेत.