दक्षिण आफ्रिकेतली शिकार सफारी: परवाने, कागदपत्रं आणि बिलाचा खरा आकडा

जाहिरातीतला ‘सात दिवस, चार प्राणी, ७,००० डॉलर’ हा आकडा खरा असतो, पण अर्धा असतो. उरलेला अर्धा कागदपत्रांत दडलेला असतो: कर, बंदुकीचं भाडं, कातडी-शिंगांवरची प्रक्रिया, निर्यात परवाना, विमानाचं मालभाडं. म्हणून खर्च समजून घ्यायचा तर आधी कागद समजून घ्यावे लागतात.

पहिली गोष्ट, देश. आफ्रिका म्हणजे एक नियम नव्हे. केनियात १९७७ पासून शिकारीला बंदी आहे; तिथे फक्त कॅमेरा चालतो. बोट्सवानाने २०१४ मध्ये शिकार बंद केली आणि २०१९ मध्ये पुन्हा सुरू केली. टांझानियात सिंह, हत्ती अशा जनावरांसाठी मोठ्या मुदतीची सफारीच घ्यावी लागते, सरकारी शुल्कं वेगळी लागतात आणि खर्च सहज पाच आकडी डॉलरच्या वरच्या टोकाला जातो. शिवाय तिथे सिंह किमान सहा वर्षांचा असावा लागतो. पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण दक्षिण आफ्रिका किंवा नामिबिया निवडतात. खाली मुख्यतः दक्षिण आफ्रिकेची पद्धत दिली आहे.

कोणाला परवानगी मिळते

परदेशी पाहुण्याला तिथे एकट्याने शिकार करता येत नाही. सफारी नोंदणीकृत आउटफिटर, म्हणजे सफारी आयोजित करणारा व्यावसायिक, याच्यामार्फतच ठरवावी लागते आणि प्रत्यक्ष रानात परवानाधारक प्रोफेशनल हंटर (पाहुण्याला शिकारीला नेणारा वाटाड्या) सोबत असावा लागतो. गोम अशी की वन्यजीवांचे नियम नऊ प्रांतांचे नऊ आहेत आणि ही नोंदणी प्रांतापुरतीच असते. लिम्पोपो प्रांताचा परवाना असलेल्या हंटरने पाहुण्याला शेजारच्या नॉर्थ वेस्टमधल्या फार्मवर नेलं, तर त्याच्याकडे त्या प्रांताचाही परवाना हवा. नसेल तर ती शिकार बेकायदा ठरते, निर्यातीचे कागद अडतात आणि पैसे भरूनही शिंगं तिथेच राहतात. डिपॉझिट भरण्याआधी आउटफिटर आणि हंटर दोघांच्या परवान्यांच्या प्रती मागून घ्या आणि त्यावरचा प्रांत व मुदत वाचा. जो द्यायला कुरकुर करतो, त्याच्याकडे जाऊ नये.

तिथे १९९१ च्या कायद्याने नीट कुंपण घातलेल्या जमिनीवरचं वन्य जनावर जमीनमालकाचं मानलं जातं. त्यामुळे कुडूसारख्या एकाच जातीच्या हरणाचा दर दोन फार्मवर वेगळा असतो. तो सरकारने ठरवलेला नसतो, मालकाने लावलेला असतो. कुंपण पुरेसं असल्याचं प्रांताचं प्रमाणपत्र असलेल्या फार्मवर त्यात नमूद केलेल्या प्रजातींची शिकार वर्षभर चालते. ते नसेल तर प्रांताने जाहीर केलेल्या हंगामातच, म्हणजे साधारण हिवाळ्यात.

इम्पाला आणि कुडू (हरणं), वॉर्टहॉग (रानडुकराची जात), निळा विल्डबीस्ट (गाईसारखं मोठं हरीण) यांच्यासाठी कागदपत्रं आउटफिटरच सांभाळतो. सिंह, बिबट्या, हत्ती आणि गेंडा यांना मात्र २००७ च्या संकटग्रस्त व संरक्षित प्रजातींच्या नियमांखाली स्वतंत्र परवाना लागतो. गेंड्याची अट सर्वांत कडक आहे: एका शिकाऱ्याला बारा महिन्यांत एकच पांढरा गेंडा, शिंगात मायक्रोचिप आणि डीएनए नमुना. अर्जदाराला आपण खरोखरचे शिकारी आहोत हे शिकारी संघटनेचं सदस्यत्व आणि मागचा अनुभव दाखवून सिद्ध करावं लागतं. ही अट उगाच आली नाही. कधी बंदूक न धरलेल्या लोकांना ‘शिकारी’ म्हणून उभं करून शिंगं आशियात पाठवण्याचा धंदा उघडकीला आला होता.

बिबट्याच्या बाबतीत अजून एक धोका. वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, म्हणजे साइट्सनुसार, दक्षिण आफ्रिकेला वर्षाला १५० बिबट्यांचा कोटा आहे, पण देशाने २०१६ आणि २०१७ साली तो शून्यावर आणला होता. २०२२ मध्ये न्यायालयाने बिबट्या, हत्ती आणि काळा गेंडा या तिघांच्या कोट्यालाच स्थगिती दिली. तेव्हा अशा जनावरासाठी करार करताना ‘परवाना न मिळाल्यास डिपॉझिट पूर्ण परत’ हे वाक्य लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर राहू नका.

स्वतःची बंदूक नेणार असाल तर

दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांचा एसएपी ५२० नावाचा फॉर्म लागतो. हा तात्पुरत्या आयातीचा परवाना आहे आणि त्याला शुल्क नाही. आधी अर्ज पाठवून मंजुरी घेता येते किंवा जोहान्सबर्गच्या विमानतळावर पोलीस कक्षात तिथल्या तिथे करून घेता येतो. सोबत हे लागतं:

- पासपोर्ट, दोन कोऱ्या पानांसह, आणि त्याची प्रत
- परतीचं तिकीट
- बंदूक तुमचीच असल्याचा पुरावा. अमेरिकेतून जाणाऱ्यांसाठी तिथल्या कस्टम्सचा शिक्का असलेला फॉर्म ४४५७, इतरांसाठी आपापल्या देशाचा शस्त्र परवाना
- आउटफिटरचं निमंत्रणपत्र, त्यात तारखा, फार्मचं ठिकाण आणि शिकारीचा उद्देश

वय किमान २१. शिकारीसाठी एका कॅलिबरची (नळीच्या व्यासाच्या मापाची) एकच बंदूक, प्रत्येक बंदुकीमागे जास्तीत जास्त २०० काडतुसं, आणि काडतुसं त्याच बंदुकीची. सेमी-ऑटोमॅटिक (पुढची गोळी आपोआप भरणारी) चालत नाही. मित्राची उसनी बंदूक चालत नाही. सिरियल नंबर धातूवर कोरलेलाच हवा.

फॉर्म काळ्या शाईने भरायचा आणि सही घरी करायची नाही. काउंटरवरचा अधिकारी केस उघडायला लावतो, बोल्ट (बंदुकीचा मागचा सरकता भाग) काढून नंबर कागदाशी ताडतो, मग त्याच्यासमोर सही. घरूनच सही करून नेली की नवा फॉर्म हातात पडतो आणि मागच्या रांगेतले लोक घड्याळाकडे बघू लागतात. ४४५७ वर आणखी एक फसवी जागा आहे: वरच्या कोपऱ्यात छापील मुदत असते. ती फॉर्मच्या आवृत्तीची असते, तुमच्या नोंदणीची नव्हे. पण ती तारीख उलटून गेलेली दिसली तर वाद होऊ शकतो, म्हणून जाण्याआधी चालू मुदतीच्या फॉर्मवर शिक्का मारून घेतलेला बरा.

काडतुसं बंदुकीपासून वेगळ्या कुलूपबंद डब्यात, विमान कंपन्यांची नेहमीची मर्यादा ५ किलो. वाटेत तिसऱ्या देशात विमान बदलत असाल तर त्या देशाची ट्रान्झिट परवानगी आधी घ्या. सर्वांत जास्त बंदुका अडकतात त्या तिथेच.

अमेरिकेत एच-१बी व्हिसावर असलेल्यांनी हा खटाटोप करूच नये. बंदूक बाळगण्याच्याच अटी वेगळ्या असतात आणि परत येताना ती आत आणायला आणखी एक आयात परवाना लागतो. फार्मवरची रायफल भाड्याने घेतली की हे सगळं वाचतं.

नामिबियात बंदुकीचा परवाना विमानतळावरच मिळतो. मात्र ट्रॉफी परवाना (शिंगं-कातडी आठवण म्हणून ठेवण्यासाठीच्या शिकारीचा) आउटफिटरने सरकारकडून आधी काढून ठेवावा लागतो, आणि एका परवान्यावर एका प्रजातीची दोनच जनावरं. तिथे कॅलिबरसोबत गोळीची ऊर्जाही मोजतात: स्प्रिंगबक या छोट्या हरणासाठी किमान १,३५० ज्यूल, कुडूसाठी २,७००, रानरेड्यासाठी ५,४००. दक्षिण आफ्रिकेत रानरेड्यासाठी .३७५ हे व्यवहारातलं किमान कॅलिबर धरतात.

बिल कसं चढतं

बिलाचे दोन मुख्य भाग: दिवसाचा दर आणि ट्रॉफी फी. दिवसाच्या दरात राहणं, जेवण, हंटर, माग काढणारा ट्रॅकर, गाडी आणि जनावर सोलणं येतं. ट्रॉफी फी जनावर पडल्यावर लागते. साधारण दर असे: एका हंटरमागे एक पाहुणा असेल तर दिवसाला ३५० ते ५०० डॉलर, इम्पाला ४०० ते ६००, वॉर्टहॉग ३०० ते ५००, निळा विल्डबीस्ट १,००० ते १,३००, कुडू २,२०० ते ३,५००. सोबत आलेल्या, शिकार न करणाऱ्या माणसाचे दिवसाचे १५० ते २५०.

समजा सात दिवस, दर ४००. म्हणजे २,८००. त्यावर १५ टक्के व्हॅट, ४२०. जाहिरातीत हा बहुतेक वेळा धरलेला नसतो. इम्पाला ४५०, वॉर्टहॉग ४००, विल्डबीस्ट १,१००, कुडू २,६००, मिळून ४,५५०. रायफलचं भाडं आणि काडतुसं ५२०. विमानतळावरून ने-आण ३००. हंटर, ट्रॅकर, स्वयंपाकी, सोलणारे यांची बक्षिसी ७०० च्या आसपास. ती ऐच्छिक म्हणतात, पण न देणारा पाहुणा तिथे लक्षात राहतो. बेरीज ९,२९०. यात विमानाचं तिकीट नाही आणि ट्रॉफी घरी आणणंही नाही. रानरेडा हवा असेल तर नुसती त्याची फी १० ते १५ हजार डॉलर, आणि घातक जनावरामागे जायचं म्हणून दिवसाचा दरही वेगळा.

सर्वांत जास्त भांडणं होतात ती जखमी जनावरावरून. करारात जवळजवळ नेहमी असतं: जखमी झालं आणि सापडलं नाही, तरी पूर्ण फी. गोळी लागल्याचा निर्णय ट्रॅकर देतो. तो गवताच्या पात्यावर बोटाच्या पेराएवढा लाल ठिपका दाखवतो, दोन-चार पावलांवर पानाच्या खालच्या बाजूला पुसलेलं रक्त दाखवतो, आणि त्या क्षणी जनावर बिलात येतं. मग दिवसभर माग काढूनही हाती लागलं नाही तर तक्रारीला जागा नसते. नेम बिनचूक असेल तरच गोळी उडवायची, हा सल्ला खिशासाठीही आहे.

रोज संध्याकाळी हंटर नोंदवहीत प्रजाती, संख्या आणि तारीख भरतो. शेवटी पाहुण्याची सही असते. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या पानावर सही करू नका. निर्यातीचे सगळे कागद याच पानावरून बनतात. इथे एक जनावर राहून गेलं तर पुढे त्याची शिंगं कोणत्याही परवान्यात बसत नाहीत.

शिंगं आणि कातडी

कातडं त्याच दिवशी मीठ लावून वाळवलं नाही तर केस गळतात आणि कितीही पैसे मोजले तरी ते परत येत नाहीत. नंतर सगळं ‘डिप अँड पॅक’ करणाऱ्याकडे जातं. तिथे कवटी उकळून स्वच्छ होते, कातडं औषधात बुडवून निर्जंतुक होतं, पशुवैद्यकीय प्रमाणपत्र मिळतं. साइट्सच्या यादीत असलेल्या जनावराला निर्यात परवाना लागतो आणि त्याची मुदत सहा महिने. बिबट्या साइट्सच्या पहिल्या परिशिष्टात (सर्वांत कडक यादीत) असल्याने त्याच्यासाठी ज्या देशात न्यायचं त्याचा आयात परवाना आधी हवा, मग निर्यातीचा. क्रम उलटा झाला की पेटी गोदामात पडून राहते आणि गोदामाचं भाडं चढत जातं.

प्रक्रिया, पेटी आणि विमानभाडं मिळून चार-पाच ट्रॉफींना दोन-तीन हजार डॉलर सहज लागतात, आणि पेटी पोहोचायला सहा महिने ते वर्ष. अमेरिकेत वॉर्टहॉग किंवा रानरेड्याचं कातडं थेट घरी येत नाही. रोगांच्या भीतीने ते कृषी खात्याने मान्यता दिलेल्या कारखान्यातच उतरतं. ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्सने २०१५ मध्ये सिंहाच्या ट्रॉफी बंद केल्या. आपण राहतो त्या देशाचा नियम आधी पाहावा, जनावर नंतर ठरवावं.

भारतातून जाणाऱ्यांसाठी

दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा लागतो. पैसे रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेतून जातात, मर्यादा एका माणसाला आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर. परदेशी पॅकेजवर टीसीएस (पैसे भरतानाच घेतला जाणारा आगाऊ कर) कापला जातो. त्याचा दर अर्थसंकल्पानुसार बदलतो, आणि ही रक्कम विवरणपत्रात करापोटी जमा धरली जाते. बंदूक तिथेच भाड्याने घ्यावी.

ट्रॉफी मात्र भारतात आणता येत नाही. वन्यप्राणी, त्यांचे अवयव आणि त्यांपासून बनवलेल्या वस्तूंच्या आयातीला इथे बंदी आहे, तिथला निर्यात परवाना कितीही पक्का असला तरी. म्हणजे मुंबईच्या पत्त्यावर पेटी पाठवायचा बेत असेल तर डिप अँड पॅकचा खर्च सुरुवातीलाच वगळा आणि शिंगं फार्मवर सोडायचं आउटफिटरला लेखी कळवा. हीच बंदी जोहान्सबर्ग विमानतळावरच्या दुकानातल्या झेब्राच्या कातड्याच्या पाकिटालाही लागू आहे, मग पावती सोबत असो वा नसो.