सूर्य चित्रात आणणारा क्लोद लोरँ

लंडनच्या नॅशनल गॅलरीत १६४८ सालचं एक मोठं तैलचित्र आहे. बायबलमधली शेबाची राणी बंदरातून निघाली आहे, पण ती पटकन सापडत नाही. उजवीकडच्या पायऱ्यांवर ती लहानशी दिसते. नजर आधी जाते ती क्षितिजाच्या किंचित वर आलेल्या सूर्याकडे. तिथून लाटांच्या माथ्यांवर चमकत उजेड थेट आपल्यापर्यंत येतो.

हे चित्र क्लोद लोरँचं. मूळ नाव क्लोद जले. आजच्या फ्रान्समधल्या लॉरेन प्रांतातला, म्हणून लोरँ. जन्म १६००च्या आसपासचा. मिठाई बनवण्याचं काम शिकलेला हा मुलगा रोमला आला आणि अगोस्तिनो तासी या चित्रकाराकडे आधी घरकाम, मग चित्रकला असं करत घडला, असं सांगतात. मधला थोडा काळ सोडला, तर १६८२मध्ये मरेपर्यंत तो रोमचाच होऊन राहिला.

त्या काळी निसर्गचित्राला फारसा मान नव्हता. देव, संत, राजे पुढे आणि डोंगर-झाडं मागे, अशी रीत. क्लोदने कथा ठेवल्या, पण माणसं लहान केली आणि आकाश मोठं. त्याचा चित्रकार मित्र सांड्रार्ट लिहितो, की तो पहाटेपासून रात्रीपर्यंत माळावर पडून आभाळ न्याहाळायचा, रंग तिथेच जुळवायचा आणि घरी येऊन तेच वापरायचा. प्रकाशाचा त्याच्याइतका धीराने अभ्यास करणारा दुसरा चित्रकार मला त्या शतकात दिसत नाही.

पोप आठवे अर्बन आणि स्पेनचा राजा चौथा फिलिप यांच्यासारखे गिऱ्हाईक लाभले, तशा नकलाही निघू लागल्या. मग १६३५च्या सुमारास त्याने एक वही केली. चित्र हातावेगळं झालं की त्याचं रेखाटन तिच्यात करायचं आणि मागे ते कुणासाठी केलं, ते लिहायचं. पानं काही पांढरी, काही निळी. ‘लिबर व्हेरिटाटिस’, म्हणजे सत्याची वही. तिच्यातली १९५ रेखाटनं आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

अठराव्या शतकात इंग्लंडला त्याचं वेड लागलं. स्टाउरहेडसारख्या बागांमध्ये तळं, पूल, देऊळ अशी मांडणी झाली, जणू त्याचं चित्रच जमिनीवर उतरवलंय. प्रवासी ‘क्लोद ग्लास’ नावाचा काळसर, फुगीर आरसा बाळगत आणि देखाव्याकडे पाठ करून त्यात तो पाहत.

इंग्लिश चित्रकार टर्नरने तर मृत्युपत्रातच लिहून ठेवलं, की आपली दोन चित्रं क्लोदच्या चित्रांशेजारी लागावीत. त्यातलं एक डायडो राणी कार्थेज शहर वसवतानाचं. आजही ते शेबाच्या राणीजवळच टांगलेलं आहे.