छतावर पॅनेल दिसले म्हणजे आत जनरेटर नाही, असे नव्हे

ब्रिटनमधल्या बांधकामांवर गाडीला जोडून ओढत नेण्याची सुविधा-केबिन, म्हणजे शौचालय, हात धुण्याची सोय, जेवणाची जागा आणि ओले कपडे वाळवण्याची खोली एकाच चाकांवर, ही बहुतेकांच्या ओळखीची आहे. घोळ होतो तो 'सौर' आणि 'हायब्रिड' या दोन शब्दांत, आणि छतावरची पॅनेल पाहून दोन्हींना सरसकट 'सौर' म्हणण्याची सवय मला मुळीच मान्य नाही.

हायब्रिडमध्ये पॅनेल आणि बॅटरीच्या जोडीला डिझेल जनरेटर असतो व बॅटरी उतरली की तो आपोआप सुरू होतो. निव्वळ सौर केबिनमध्ये तो नसतो. एवढे कोणालाही समजते. समजत नाही ते हे, की दोघींचा खरा कस दिव्यांवर लागत नसून उबेवर लागतो.

दहा वॅटचे चार एलईडी दिवे आठ तास जळले तरी एक तृतीयांश युनिटही जात नाही. एक लिटर थंड पाणी उकळायला मात्र सुमारे ०.१ युनिट लागते, म्हणजे दिवसभराच्या वीस लिटर चहापाण्याला दोन युनिट, आणि दोन किलोवॅटचा हीटर चार तास चालवला तर आठ. आता छताकडे पाहा. आडव्या ठेवलेल्या एक किलोवॅट पॅनेलमधून लंडनमध्ये जूनमध्ये दिवसाला चार-पाच युनिट मिळतात, डिसेंबरात जेमतेम अर्धे. पुण्यात डिसेंबराच्या मध्यान्हीही सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो, लंडनमध्ये १५ अंशांवर. आपल्याकडचा अंदाज तिथे लावणारा इंजिनिअर नेमका इथेच चुकतो. पॅनेलचे किलोवॅट मोजून हीटरचे किलोवॅट भागवू पाहणे ही तर त्याहून वाईट चूक, कारण तास मोजल्याशिवाय त्या आकड्याला अर्थच नाही.

म्हणूनच पुष्कळ 'सौर' केबिनींत खोली तापवायला डिझेलचा वा गॅसचा हीटर असतो. यात लपवण्यासारखे काही नाही, पण ते सांगितले गेलेच पाहिजे. तिथल्या सीडीएम नियमावली २०१५ (बांधकामाचे आरेखन व व्यवस्थापन यांचे नियम) नुसार धुण्यासाठी गरम किंवा कोमट पाणी, पाणी उकळण्याची सोय आणि विश्रांतीच्या खोलीत योग्य तापमान ठेवणे बंधनकारक आहे; आभाळ भरून आले म्हणून कामगाराला गार पाण्याने सिमेंटचे हात धुवायला लावता येत नाही. हिवाळ्याच्या कामाला मी हायब्रिडच निवडेन, आणि केबिन भाड्याने घेताना पॅनेल किती हे विचारण्याआधी डिसेंबरात जनरेटर रोज किती तास चालतो, हे लेखी मागेन.