वायर गेली, तिची कामं कुठे गेली?

माझा भाचा अमळनेर तालुक्यातल्या एका गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. मार्चमध्ये त्याचा फोन आला. "मामा, हाऊ माऊस अडकी अडकी चालस. नवाच सेट शे." बिनवायरचा कीबोर्ड आणि माऊस, दोघांना मिळून एकच डोंगल, म्हणजे त्यांचे निरोप ऐकायला संगणकाच्या यूएसबी पोर्टमध्ये खोचायचा छोटा तुकडा. दुकानदाराने एकदा बदलूनही दिला होता, तरी रड तीच. दिवसभर माऊस झकास चालायचा आणि संध्याकाळी केंद्र बंद करायच्या वेळेला बिघडायचा. बाण पडद्यावर बेडकासारखा उड्या मारायचा, कीबोर्डवर टंकलेली अक्षरं अधूनमधून गळायची.

ठरावीक वेळेला येणारा बिघाड मला आवडतो, कारण त्याला काहीतरी ठरावीक कारण असतं. हे कारण सापडायला दोन दिवस लागले. ते सांगण्याआधी वायर नेमकं काय करत होती, ते बघायला हवं.

साध्या यूएसबी माऊसची वायर सोलली तर आत चार बारीक तारा दिसतात. दोन तारांतून ५ व्होल्टची वीज माऊसकडे जाते, दोन तारांतून माऊसचा निरोप संगणकाकडे येतो. म्हणजे वीज पुरवणं आणि निरोप पोचवणं ही दोन कामं उघड दिसतात. तिसरं काम सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. निरोप तारेच्या आत राहतो, चारचौघांत जात नाही. वायर काढली म्हणून ही कामं संपत नाहीत, ती दुसऱ्या कुणाला तरी करावी लागतात. वीज सेलकडे जाते, निरोप हवेकडे जातो, आणि गुपित राखायचं काम डोंगलमधल्या चिपवर येऊन पडतं. बिनवायरच्या सेटचे फायदे-तोटे या तीन बदलींतून निघतात.

हवेतून निरोप पाठवायचे प्रयत्न जुने आहेत. आयबीएमने १९८३ मध्ये जाहीर केलेल्या पीसीज्युनिअर या संगणकाचा कीबोर्ड टीव्हीच्या रिमोटसारखा अवरक्त प्रकाशावर चालायचा. प्रकाशाला आडोसा चालत नाही, त्यामुळे कीबोर्ड संगणकाच्या समोरच हवा. एका खोलीत असे दोन संगणक असले तर एकाची अक्षरं दुसऱ्यावर उमटायची. पुढे रेडिओ लहरी आल्या आणि समोरासमोर बसायची अट गेली.

आजचे बहुतेक सेट २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. हा पट्टा ठरावीक ताकदीच्या मर्यादेत वापरायला आपल्याकडे परवाना लागत नाही. म्हणूनच तिथे सगळ्यांची झुंबड आहे. वायफाय तिथेच, ब्लूटूथ तिथेच, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनमधून जी थोडी गळती होते तीही तिथलीच. अमळनेरच्या आठवडी बाजारात मिरचीवाला, भांडीवाला, कटलरीवाला सगळे एकदमच ओरडतात, तसं या पट्ट्याचं आहे. त्यात वायफायचा राउटर साधारण १०० मिलीवॉटच्या ताकदीने बोलतो, तर माऊस १ मिलीवॉटच्या आसपास. म्हणजे शंभरपट मोठ्या आवाजाच्या शेजारी उभं राहून कुजबुजायचं.

तरीही ती कुजबुज ऐकू जाते, आणि यामागची हुशारी मला फार मोलाची वाटते. माऊसचा निरोप अगदी लहान असतो: 'दोन ठिपके उजवीकडे, एक ठिपका खाली, बटण दाबलेलं नाही.' एवढं सांगायला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही, त्यामुळे दोन आरोळ्यांच्या मधल्या फटीत तो निरोप बसतो. डोंगलला तो मिळाला की डोंगल 'पोचला' म्हणून उलट कळवतो. ती पोच आली नाही तर माऊस पुन्हा पाठवतो, आणि एका वाहिनीवर फारच गोंगाट असेल तर दुसरी वाहिनी धरतो. मूळच्या ब्लूटूथने हा पट्टा ७९ वाहिन्यांत वाटून घेतला आणि सेकंदाला १६०० वेळा वाहिनी बदलायची सोय ठेवली.

निरोप पोचायला यात उशीर होत असेल, असं अनेकांना वाटतं. साधा यूएसबी माऊस सेकंदाला १२५ वेळा आपली खबर देतो, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी एकदा. बिनवायरचा चांगला सेट त्याच्या मागोमाग असतो. डोळ्याने काही बघून बोट हलवायला माणसाला २०० मिलिसेकंद सहज लागतात. अर्ज भरणाऱ्याला हा फरक कधीच जाणवणार नाही.

आता भाच्याचं कोडं. संध्याकाळी केंद्र बंद करताना तो दिवसभराच्या स्कॅन केलेल्या कागदांची प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर घेत असे. सीपीयूच्या मागे डोंगल होता आणि त्याला खेटून असलेल्या निळ्या पोर्टमध्ये हार्डडिस्क लागायची. निळं पोर्ट म्हणजे यूएसबी ३. त्यातून माहिती सेकंदाला ५ अब्ज बिट्सच्या वेगाने धावते आणि त्या धावपळीतून रेडिओचा गोंगाट बाहेर सांडतो. तो रेडिओच्या रुंद पट्ट्यावर पसरलेला असतो आणि नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे माऊसच्या त्याच २४०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातही येतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर लिहिलं होतं. डोंगलच्या कानाशीच कुणीतरी थाळी बडवावी, असा तो प्रकार. वर सीपीयूचा पत्रा माऊस आणि डोंगलच्या मध्ये, आणि टेबलही लोखंडी. मी त्याला हातभर लांबीची यूएसबीची एक्स्टेंशन वायर घ्यायला सांगितली आणि डोंगल पुढे टेबलावर आणून ठेवायला लावला. त्याच संध्याकाळी माऊस सुरळीत झाला. सेट बदलून देणाऱ्या दुकानदाराचा काहीच दोष नव्हता.

सेलचं दुखणं मात्र आपल्या खानदेशात जास्त बोचतं, आणि बाहेर छापलेल्या माहितीपत्रकांत ते सापडत नाही. कीबोर्ड सेल कमी खातो. बटण दाबलं तेवढ्यापुरता जागा होतो, बाकी वेळ झोपलेला असतो. माऊसला मात्र पोटाखाली दिवा लावून टेबलाचे सेकंदाला हजाराहून जास्त फोटो काढावे लागतात. एका फोटोची दुसऱ्याशी तुलना करून आपण किती सरकलो ते तो ठरवतो. म्हणून माऊसचा सेल आधी संपतो. वीज वाचवायला अनेक बिनवायरच्या कीबोर्डवर कॅप्स लॉकचा दिवाच दिलेला नसतो. पासवर्ड तीनदा चुकला की मग आठवतं.

दुकानात सुटा मिळणारा स्वस्त पेन्सिल सेल बहुधा झिंक-कार्बनचा असतो. त्याचं जस्ताचं भांडं हेच त्याचं ऋण टोक. सेल वापरला जातो तसं ते भांडं आतून खाल्लं जातं, आणि संपलेला सेल तसाच पडून राहिला तर त्याला भोक पडून आतलं रसायन बाहेर येतं. अल्कलाइन सेल जास्त टिकतो, पण त्याच्यातही हळूहळू हायड्रोजन वायू साठत जातो आणि दाब वाढला की सील सुटतं. बाहेर येणारं पोटॅशियम हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पांढरी भुकटी होतं. या सगळ्या क्रिया उष्णतेने वेग घेतात. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहूनही जास्त असतो. एका उन्हाळ्यात मी माझा कीबोर्ड सेलसकट कपाटात ठेवून महिनाभर गावाला गेलो. परतलो तेव्हा सेलच्या खोबणीतली स्प्रिंग हिरवी-पांढरी झाली होती. अल्कलाइन सेलची भुकटी लिंबाच्या रसाचे चार थेंब कापसावर घेऊन पुसली की निघते, कारण ती क्षार आहे आणि लिंबू आम्ल. माझी स्प्रिंग मात्र गंजून तुटली होती.

पुन्हा चार्ज होणारे निकेलचे सेल १.५ ऐवजी १.२ व्होल्ट देतात. बहुतेक सेट त्यावर बिनतक्रार चालतात, फक्त सेल भरलेला असतानाही 'कमी आहे' असा इशारा दिसू शकतो. आत लिथियमची बॅटरी असलेले महागडे सेट भर दुपारी तापलेल्या खोलीत चार्जिंगला लावू नयेत. बहुतेक लिथियम बॅटऱ्यांसाठी चार्जिंगची वरची मर्यादा ४५ अंशांची असते, आणि ती आपल्याकडे खोलीच गाठते. पहाटे लावावा.

आता तिसरं काम, ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो. सेवा केंद्रात समोरचा शेतकरी आपला १२ आकडी आधार क्रमांक सांगतो, बँकेचा खाते क्रमांक सांगतो, मोबाईलवर आलेला ओटीपी वाचून दाखवतो. भाचा ते सगळं कीबोर्डवर बडवतो. कीबोर्ड बिनवायरचा असेल तर तो प्रत्येक आकडा रेडिओवरून जातो. चांगला सेट तो आकडा आधी सांकेतिक करतो. यासाठी बहुधा एईएस ही पद्धत १२८ बिटच्या किल्लीने वापरतात, आणि हवेतून ते ऐकलं तरी कुणाला अर्थ लागत नाही. पण प्रत्येक सेट असं करत नाही. जुलै २०१६ मध्ये बॅस्टिल या अमेरिकी संस्थेने आठ कंपन्यांचे असे स्वस्त कीबोर्ड दाखवले, जे प्रत्येक अक्षर उघड्यावर पाठवत होते आणि ते सत्तरेक मीटरवरून टिपता येत होतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याच संस्थेने आणखी एक भोक दाखवलं होतं. अनेक सेटमध्ये कीबोर्डची भाषा सांकेतिक होती, पण माऊसची नव्हती. बाहेरच्या माणसाने माऊस असल्याचं सोंग घेऊन बटणं पाठवली तर काही डोंगल ती निमूट स्वीकारत. म्हणजे कीबोर्डला हात न लावता दुसऱ्याच्या संगणकावर आज्ञा टंकता येत होत्या. त्यासाठी लागणारं यंत्र १५ डॉलरच्या आसपास मिळत होतं.

वायरवालाही पूर्ण मुका नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. २००९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी वायरच्या कीबोर्डमधून निसटणाऱ्या लहरी २० मीटरपर्यंत पकडून दाबलेली बटणं ओळखून दाखवली. पण त्याला मोठा अँटेना आणि प्रयोगशाळेतली यंत्रं लागली. खिशात मावणाऱ्या डोंगलने ते होत नाही.

गावातला कुणी असं करेल का, असं भाच्याने विचारलं. मला विचाराल तर दुसऱ्याचा आकडा आपल्या हाती असतो तेव्हा शक्यता मोजत बसू नये. केंद्रात त्याने दोन्ही वस्तू वायरच्या घेतल्या. उंदीर वायर कुरतडतात आणि माऊसची वायर मानेपाशी वाकून वाकून आतून तुटते, हा त्रास त्याने पत्करला.

बिनवायरचा सेट वाया गेला नाही. ताईने, म्हणजे त्याच्या आईने, तो घरातल्या टीव्हीला जोडलेल्या संगणकासाठी मागून घेतला. खाटेवर बसून दहा फुटांवरून ती नातवंडांना शाळेचे व्हिडिओ लावून देते, आणि मध्ये वायर नसल्यामुळे कुणी अडखळून पडत नाही. असे सेट जिथे शोभतात, ती ही जागा. प्रोजेक्टरसमोर वर्गात फिरणाऱ्या शिक्षकासाठीही हीच सोय खरी कामाची. डोंगल बोटाच्या पेराएवढा असतो आणि तो हरवला तर बहुतेक स्वस्त सेटची दोन्ही यंत्रं निकामी होतात, म्हणून तिने तो टीव्हीमागच्या संगणकाला चिकटपट्टीने पक्का केला. बटणांवर मराठी अक्षरं नव्हती. भाच्याने इनस्क्रिप्टचे स्टिकर आणून दिले.

एप्रिलमध्ये सगळी लेकीकडे धुळ्याला जातात. या वर्षी निघायच्या आदल्या रात्री ताईने फोन करून विचारलं, सेल काढून फ्रिजमध्ये ठेवू का? फ्रिजमध्ये नको, तिथून काढल्यावर त्यांच्यावर दव धरतं, असं मी सांगितलं. तिने ते काढले आणि देवघरातल्या कोनाड्यात, घरातल्या सगळ्यांत गार भिंतीत, ठेवले.